देवाच्या आधीचा कप

१२ एप्रिल

आजपासून गाडी रस्त्यावर राहणार. गॅरेज कॉफीला दिलं.

कौन्सिलची, म्हणजे पालिकेची, बाई मागे येऊन बघून गेली होती. भिंती पुसता येतील अशा करा म्हणाली. बाबांनी पांढरी पॅनल लावली आहेत, आत गेलं की फ्रीजमध्ये उभं राहिल्यासारखं वाटतं. मशीन म्हणजे फार काही नाही. खाचेत रिकामी वाटी ठेवायची, इवलीशी, चिमटीत मावेल एवढी. त्यात कॉफी भरायची, वर फॉइलची गोल चकती ठेवायची आणि हँडल ओढायचं. चकती गरम होऊन चिकटते. झाली कॅप्सूल. लोकांच्या घरी कॅप्सूलचं मशीन असतंच, त्यात टाकली की एका कपाची कॉफी. हँडलवालं बाबांनी स्वतः बनवलंय. आधी पुण्यात आणि मग इथे परदेशात, त्यांनी सगळा जन्म दूध पावडरची पाकिटं सील करायच्या मशिनी दुरुस्त करण्यात घालवला. फेब्रुवारीत इथली फॅक्टरी बंद झाली.

कल्पना आईची. म्हणजे आईला ती कल्पना आहे हे माहीत नव्हतं. ख्रिसमसला रोटोरुआला मोटेलमध्ये राहिलो होतो, तिथे खोलीत कॅप्सूलचं मशीन होतं. आईने एक घोट घेतला आणि म्हणाली, "हे काय, काढा आहे का?" मग पर्समधून जायफळ काढलं. तिच्या पर्समध्ये जायफळ असतं, आणि एक छोटी किसणी. गरम दूध घेतलं, त्यात ती कॉफी ओतली, वर जायफळ किसलं. बाबा तिच्याकडे बघतच राहिले. मला वाटलं आता हॉटेलात किसणी काढण्यावरून बोलणार. तर म्हणाले, "सुरेखा, हे आधीच आत घातलं तर?"

मी सतरा वर्षांची आहे आणि शाळेत जात नाही. इंग्लिशच्या वर्गात स्पीच द्यायचं होतं, मी उभी राहिले आणि तोंडातून काहीच आलं नाही. सगळे वाट बघत होते, सर पण. खूप वेळ. मग मी बसले, आणि नंतर हळूहळू जायचंच बंद केलं. म्हणून गॅरेजमध्ये मी आहे. हे मराठीत लिहितेय कारण मराठीत माझी वाट कोणी बघत नाही.

१९ एप्रिल

आई म्हणाली, साखर आतच घालायची. "पाहुण्याला बिनसाखरेची कॉफी द्यायची? भांडण झालंय का आपलं?" बाबांनी समजावलं, तिने ऐकलं नाही. साखर घातली. घरच्या कॉफी मशीनची कॅप्सूलला भोक पाडणारी सुई साखरेने बंद झाली, नंतर काळा पाक गळायला लागला. बाबा टूथपिक घेऊन बसले संध्याकाळभर. साखर बाहेर.

बाबा सांगत होते, कॅप्सूल ज्याने काढली तो युरोपातला इंजिनिअर. त्याची बायको म्हणे कॉफीच्या बाबतीत फार चोखंदळ होती, त्याला सारखी टोमणे मारायची. वस्तू झाली तरी वर्षानुवर्षं कोणी विचारलं नाही. आता जगभर आहे, पेटंटही संपलं, कोणीही बनवू शकतं.

"म्हणजे सगळं बायकोमुळे," आई म्हणाली.

"टोमण्यांमुळे," बाबा म्हणाले.

बाबा स्वतः कॉफी पीत नाहीत. त्यांना पित्त होतं. कोणी विचारलं तर मी काय सांगू?

२९ एप्रिल

सगळ्या कॅप्सूल पुऱ्यांसारख्या फुगल्या. सकाळी गॅरेज उघडलं तर ट्रेमध्ये प्रत्येकीचं पोट वर. काही फुटल्या पण.

चूक आईची नाही, आमच्या घराची आहे. आपल्याकडे ताजं म्हणजे चांगलं. आईने भाजणाऱ्याला सांगितलं होतं, आज भाज आणि आजच दे, शिळी नको. त्याने दिली, आम्ही गरम गरम दळून भरली. आज बाबांनी फोन केला तर तो हसला. भाजलेल्या कॉफीतून बरेच दिवस गॅस निघत राहतो, तिला तसंच पडू द्यायला लागतं, मग दळायची.

बाबा आईला सांगायला गेले तेव्हा जरा घाबरले होते. आई ऐकून म्हणाली, "मग असं सांगा ना. मुरू द्यायची. लोणचं नाही का?" आणि प्रश्न संपला. आता पिशव्या कोपऱ्यात मुरतात. आई येताजाता त्यांच्यावर हात ठेवते.

११ मे, रविवार

अवोन्डेलचा बाजार. पहिला दिवस. मी टेबलाच्या मागे, बाबा पुढे. मला फक्त मशीन चालवायचं होतं, बोलायचं नव्हतं, तसं ठरलं होतं.

शेजारी रेवी नावाचा माणूस कुमारा म्हणजे इथली रताळी, सिल्वरबीटची पालेभाजी आणि फिजोआची फळं विकतो. मोठा आहे, जँडल्स म्हणजे रबरी चपला घालून इथल्या मेच्या थंडीत उभा. म्हणाला, "किया ओरा, बॉस." म्हणजे माओरीत नमस्कार. मला म्हणाला. बाबांना नाही. मी मान हलवली. त्याने एक कप घेतला, डोळे मिटले, म्हणाला, ख्रिसमससारखी लागते. मग दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाला आमच्याकडे ढकलत होता. "कुमारा नंतर घे. आधी ही पी."

आईचं कसं चालतं ते लिहून ठेवते. मोठ्या परातीत दळलेली कॉफी, मी जायफळ किसते, ती हाताने कालवते आणि खाली वाकून वास घेते. "अजून थोडं... अजून... बास." बाबा दर वेळी म्हणतात, "सुरेखा, ग्रॅममध्ये सांग." ती म्हणते, "प्रत्येक जायफळ वेगळं असतं. नाक सांगेल तेवढं." चाखत नाही कधीच. आमच्याकडे पहिला कप देवाला, मायक्रोवेव्हच्या वर देवघर आहे तिथे. देवाच्या आधी चाखलं तर उष्टं होतं. म्हणून पूर्ण बॅच सील होते, पहिली कॅप्सूल मशीनमध्ये, कप देवापुढे, आणि मगच आम्ही पितो. तिचं कधी चुकलं नाही. आजीचं पण असंच होतं म्हणे. आख्ख्या लग्नाचा स्वयंपाक वासावर.

८ जून, रविवार

सँडरिंगहॅमच्या एका ग्रोसरीवाल्याने बॉक्स ठेवून घेतले. काउंटरवर, हाजमोलाच्या शेजारी. बाबांनी तीनदा गाडी त्या रस्त्यावरून नेली, बाहेरून बघायला.

बाजारात एक बाई आली, लाल चष्मा, दोन कप प्यायली आणि कार्ड मागितलं. आमच्याकडे कार्ड नाही. बाबांनी पावतीच्या मागे ईमेल लिहून दिला. आईच्या कॉफीचं नाव काय, असं ती विचारत होती. नावच नाही ठेवलंय. बॉक्सवर नुसतं "नटमेग कॉफी" आहे.

शार्दूलदादाचा फोन, तो दुसऱ्या शहरात राहतो. तो ट्रेनमधूनच फोन करतो, मग बोगदा आला की कटतो. म्हणाला, "बाबा, हॉबी म्हणून स्वीट अ‍ॅज, मस्तच, पण रियल जॉब बघताय ना?" बाबा म्हणाले बघतोय. मग बोगदा आला.

२४ जून

आईला फ्लू. मातारिकीची, माओरी नववर्षाची, सगळी सुट्टी अंथरुणात गेली. मी मुगाची खिचडी केली, ती म्हणाली काहीच चव नाही. वाईट वाटलं, पण मीठ घालायला मी विसरले असेन. मला तरी बरोबर लागली होती.

६ जुलै

आई उठली. आज परत परात.

बाबा जिंकले बहुतेक. आई आता जायफळं मोजून देते. "एवढी किस," म्हणते आणि पाटावर ठेवते. वाकून वास घेते पूर्वीसारखा, पण "अजून, अजून" करत नाही. मलाच विचारते, "काय गं, आला का वास नीट?"

मी म्हटलं, छान.

दूध उतू जाऊन जळलं आज. आई तिथेच होती, भांडी लावत होती. थकली असेल.

२० जुलै, रविवार

बाजारात गर्दी होती पण लोक अर्धा कप ठेवून जात होते. मी कचऱ्याच्या पिशवीत बघितलं, भरलेले कप. रेवीने घोट घेतला आणि बराच वेळ गिळलाच नाही. म्हणाला, "बिट फुल-ऑन टुडे, ए?" म्हणजे आज जरा जास्तच कडक. मी हसले. तो पण हसला आणि उरलेली कॉफी हळूच झाडाला घातली.

मी घरी येऊन प्यायले. जायफळ खूप लागलं. जिभेला साबणासारखं, आणि मागे कडू. पण आईने मोजून घातलंय. आणि जायफळाची ती नवीन पिशवी तिनेच निवडली सँडरिंगहॅमला. मला काय कळतंय. इंग्लिशमध्ये पण मला वाटायचं मी बरोबर लिहिलंय.

आई म्हणाली, "कशी झालीय?"

"छान."

"नक्की ना?"

"हो गं."

ती बघत राहिली माझ्याकडे. हल्ली तिला सारखं कौतुक लागतं.

२७ जुलै

पर्थ. बाबांचा फॅक्टरीतला मित्र तिथे खाणीत मेंटेनन्सला आहे, जागा रिकामी आहे. तीन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी. आमचं गिऱ्हाईक कमी झालंय हे बाबांनी जेवताना सांगितलं, नुसतं सांगितलं, तक्रार नाही. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कळवायचंय. काही मोठी ऑर्डर आली नाही तर जाणार.

आई पोळी लाटत होती. म्हणाली, "तिथे तुम्हाला पित्ताचं कोण बघणार?"

"कॅन्टीन असतं."

"तेच म्हणतेय मी."

नंतर बाबा गॅरेजमध्ये जाऊन बसले. हँडलला तेल देत होते. कालच दिलं होतं.

मला बाबा जायला नकोयत. मी कोणाला म्हटलं नाही.

३ ऑगस्ट

चूक झाली माझ्याकडून. एका परातीत जायफळ घालायचंच राहिलं. फोन आला दादाचा आणि मी विसरले. सील करून झाल्यावर किसलेलं जायफळ वाटीत तसंच दिसलं. देवाला कप ठेवून झाला होता. मी सांगणार होते, तेवढ्यात आईने तोच कप घेतला, घोट घेतला आणि म्हणाली, "आज जमलं बघ जायफळ."

मी काय बोलणार? माझी चूक झाकली तिने. मी रडेन असं वाटलं असेल तिला. ती बॅच मी गुपचूप बाजूला ठेवली आणि नवीन केली. आई फार चांगली आहे.

१५ ऑगस्ट

लाल चष्म्याच्या बाईचा ईमेल. तिचं नाव ट्रेसी. ती मोटेल्सच्या एका ग्रुपसाठी खरेदी करते, खोल्यांमधली चहा-कॉफी सगळी तिच्याकडे. जूनमध्ये आमच्याकडे प्यायलेली विसरली नाही म्हणे. चार सप्टेंबरला घरी येऊन गॅरेज बघणार, कॉफी पिणार आणि तिथेच सांगणार.

बाबांनी ईमेल मोठ्याने वाचला, मग परत वाचला. आईने देवापुढे साखर ठेवली. मग मला म्हणाली, "मधू, त्या दिवशीची कॉफी अगदी बरोबर व्हायला हवी हं. तू नीट बघ."

मी म्हटलं, तू असताना मी काय बघणार.

ती देवघराकडे वळली. उदबत्ती लावली. उदबत्ती नाकाजवळ धरून उभी होती बराच वेळ, राख पडली हातावर.

२८ ऑगस्ट

गणपती बसले काल. पाच दिवस. मोदकाचं सारण थोडं करपलं होतं. आलेल्यांपैकी मोहनकाका दोन खाऊन म्हणाले, "स्मोकी फ्लेवर काय, सुरेखावहिनी?" सगळे हसले. आई पण हसली, पण माझ्याकडे बघून.

ट्रेसीसाठीची बॅच झाली. बॉक्स रचून ठेवलेत, पहिला कप गणपतीपुढे. मी नंतर प्यायले आणि अर्धा ओतून दिला. माझी जीभच बिघडलीय. बाबांचं सगळं त्या बॉक्सवर आहे आणि मी एकटी असा विचार करत बसलेय. दादाला मेसेज लिहिला, पाठवला नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

सगळं लिहिते.

दुपारी मी अंगणात विसर्जनाच्या टबात पाणी भरत होते. जळल्याचा वास आला. कापडाचा. पाइप टाकून आत धावले. शेगडीवर दूध होतं, शेजारी ठेवलेल्या फडक्याचं टोक आत गेलं होतं आणि धुमसत होतं. आई तिथेच होती, हाताच्या अंतरावर, पाठ करून रवा चाळत होती. गुणगुणत होती.

मी फडकं सिंकमध्ये टाकलं. ती दचकली, मग तिने ते बघितलं. खिडकी उघडली मी.

"आई, तुला वास नाही आला?"

"सर्दी आहे गं जरा."

मी तिच्याकडे बघत होते आणि मला सारण आठवलं. आणि उतू गेलेलं दूध, आणि हातावरची राख. आणि बिनजायफळाचा कप.

"जूनपासून सर्दी आहे?"

तिने चाळणी खाली ठेवली. हात पुसायला फडकं शोधलं, ते सिंकमध्ये होतं, मग साडीला पुसले.

"फ्लूनंतर गेला," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात येईल. कधी ते सांगत नाहीत. चव पण नाही, नुसतं गोड आहे, खारट आहे एवढं कळतं. उदबत्ती कळत नाही, हिंग कळत नाही. परवा पावडर लावली तर ती कुठली ते पण नाही."

"बाबांना माहितीय?"

"काय सांगू त्यांना? ज्या नाकावर गॅरेज उभं केलंत ते गेलं म्हणून? दुसऱ्या दिवशी पर्थला हो म्हणाले असते."

"पण मग कॉफी तू कशी..."

"तू होतीस की," ती म्हणाली, अगदी साधं. "माझं नाक तुझ्याकडे आलंय. एवढीशी होतीस तेव्हा दारातून सांगायचीस, कैरीच्या डाळीत हिंग कमी आहे. मी म्हटलं ही आहे ना, मग काय. रोज विचारत होते तुला. तू रोज छान म्हणायचीस."

बाहेर पाइप चालूच होता. टब भरून वाहत असणार.

मी म्हटलं, "छान नव्हती."

"कधीपासून?"

"तू उठलीस तेव्हापासून. जायफळ खूप होतं. कडू."

आई स्टुलावर बसली. मला वाटलं रडेल. तिने कपाळाला हात लावला आणि खांदे हलायला लागले, तर ती हसत होती. "अगं बाई, मग बोलायचं नाही का. मी तुझ्या जिवावर, तू माझ्या जिवावर. आणि तो रेवी?"

"तो झाडाला घालतो."

"झाडाचं काय झालं?"

मग मी पण हसले. नंतर ती थोडी रडली, पण ते वेगळं.

संध्याकाळी आरती झाली, टबात विसर्जन झालं आणि आईने तिथेच ओल्या अंगणात बाबांना सांगितलं. बाबांच्या हातात रिकामा पाट होता. ते म्हणाले, "तब्येतीचं मला नाही सांगायचं का?" कॉफीचं नाही विचारलं. मग पाट भिंतीला टेकवून विचारलं, "मग आता?"

"आता मधू," आई म्हणाली.

१ सप्टेंबर

मुरलेली एकच पिशवी शिल्लक आहे. दुसरी कालच भाजून आलीय, ती घेतली तर ट्रेसीसमोर पुऱ्या फुगतील. म्हणजे एकच परात. चुकली तर नाही.

बाबांनी घरातली चांगली खुर्ची गॅरेजमध्ये आणली. माझ्यासाठी. मी बसले नाही.

आई कालवत होती, मी वाकले. आधी काहीच कळलं नाही, नुसती भीती वाटत होती. आई म्हणाली, "घाई नको. घराचा वास आला की सांग." मी डोळे मिटले. किसत गेले, थांबत गेले. अजून. अजून थोडं. मग एकदम आला तो, रोटोरुआच्या खोलीतला, आईने दुधावर किसलं तेव्हाचा.

"बास," मी म्हटलं.

मला वाटलं होतं त्याच्या निम्मंसुद्धा लागलं नाही.

बाबा दारात होते. "मधू, ग्रॅममध्ये सांग."

"प्रत्येक जायफळ वेगळं असतं, बाबा."

"संपलं," बाबा म्हणाले. "आता दोघी झाल्या."

पण मला खात्री नव्हती. बाकीच्या सील करायच्या आधी प्यायला हवी होती. एकच कॅप्सूल बनवून मशीनमध्ये टाकली, दुधात ओतली. आणि कप हातात घेऊन उभी राहिले. देवाला ठेवलेला नाही. आईने माझ्याकडे बघितलं, मग देवघराच्या दिशेला बघितलं, मधे भिंत आहे तरी. तिने आयुष्यात असं केलेलं नाही, आजीने पण नाही.

"पी," ती म्हणाली. "त्यांना मी सांगते."

मी प्यायले. बरोबर होती. मी कशाबद्दल तरी बरोबर आहे असं मला कितीतरी दिवसांनी वाटलं. हे लिहिताना लाज वाटतेय पण आहे.

जुने बॉक्स रेवी घेऊन गेला, कंपोस्टला. म्हणाला, एवढ्या जायफळाने त्याचा कुमारा आता रात्री शांत झोपेल.

४ सप्टेंबर

ट्रेसी आली. लाल चष्मा. गॅरेज बघितलं, हँडल स्वतः ओढून बघितलं, बाबांना ढीगभर प्रश्न विचारले. बाबा बोलले छान. मी मशीनशी. मी दूध गरम केलं, कॅप्सूल टाकली, कप तिच्या हातात दिला. थोडं सांडलं बशीत.

ती प्यायली. कप खाली ठेवला आणि म्हणाली, एक सांगते. जूनमध्ये आवडली होती म्हणून तुम्हाला ईमेल केल्यावर सँडरिंगहॅमच्या दुकानातून बॉक्स घेतला. तो पिता येत नव्हता. दोन कप फेकून दिले. म्हणून खरं तर मी आज नाही म्हणायला आले होते, ईमेलवर बरं दिसलं नसतं. ही जूनसारखी आहे. मधे काय झालं? माझ्या खोल्यांमध्ये माणूस एकदाच येतो, त्याला वाईट कप मिळाला तर मी काय करू?

बाबा आईकडे बघायला लागले. आईला तेवढं इंग्लिश येतं. ती माझ्याकडे बघत होती. ट्रेसी पण मग माझ्याकडे बघायला लागली. सगळे वाट बघत होते. अगदी तसंच होतं, शाळेसारखं. गॅरेज पांढरं, फ्रीजसारखं.

मला कळलं की मी बोलले नाही तर आईला बोलावं लागेल, स्वतःच्या नाकाबद्दल, परक्या बाईसमोर.

मी म्हटलं, जुलैपासूनची चुकीची होती. मला वास आला होता. मी सांगितलं नाही.

ती म्हणाली, का?

मी म्हटलं, मला वाटलं मीच चुकीची आहे.

माझं इंग्लिश तुटत होतं पण संपत नव्हतं. मी सांगितलं की आता सील करायच्या आधी मी पिते. दर परातीला. बरोबर नसेल तर जात नाही. हे पण सांगितलं की त्या दुकानातले उरलेले बॉक्स बाबांनी परत आणलेत, आणि ज्यांनी घेतले होते त्यांना बदलून देणार. ते अजून ठरलं नव्हतं. बाबांनी मान हलवली, म्हणजे ठरलं.

ट्रेसीने कप परत उचलला. उरलेली कॉफी संपवली. सगळी. मग म्हणाली, तीन मोटेलपासून सुरुवात करू. वर्षअखेरपर्यंत बघू. आणि बॉक्सवर काहीतरी नाव घाला, प्लीज.

ती गेल्यावर बाबांनी कप उचलला, आत बघितलं, तळाशी काही नव्हतं. मग मला म्हणाले, "एक कप मला कर."

"पित्त होईल," आई म्हणाली.

"होऊ दे."

१४ सप्टेंबर, रविवार

बाबांनी पर्थला 'येत नाही' असं कळवलं. दादाचा फोन आला, ट्रेनमधून. "तीन मोटेल्स? बाबा, सीरियसली?" बाबांनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "हो, सीरियसली." बोगदा आला नाही, दादा लाइनवरच होता. मग म्हणाला, "मधू, तू बोललीस?" आणि मग, "मला पण एक बॉक्स पाठव गं."

बाजारात रेवीने आधी नुसता वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि मग प्यायला. "वेलकम बॅक, बॉस."

५ ऑक्टोबर, रविवार

आईला अजून वास येत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून ती रोज सकाळी लवंग, लिंबू, निलगिरी असं हुंगत बसते. काल म्हणाली लिंबाचं काहीतरी टोचल्यासारखं वाटलं. वास नाही, टोचणं. आम्ही तेवढ्यावर शिरा केला.

परात अजून तिच्याच हाताची. मी कालवलं तर गाठी राहतात.

आजची मोटेलची बॅच. मी वाकले, तिने विचारलं, "काय गं?"

मला वाटत होतं बरोबर आहे. एक कॅप्सूल करून प्यायले. नव्हती बरोबर, कॉफीच करपट भाजली गेली होती, जायफळाने काही होणार नव्हतं. आई वाट बघत होती. सकाळपासून उभी होती ती, पाय सुजले होते.

"नाही," मी म्हटलं. "परत करू."

बाबांनी परात रिकामी केली आणि मुरलेली दुसरी पिशवी उघडली. आईने देवापुढे आधीच पाट मांडला होता, फूल पण वाहिलं होतं. ती आत गेली आणि मला तिचा आवाज ऐकू आला, हळू, एखाद्या पाहुण्याला सांगावं तसा.

"अजून वेळ आहे हो. मधू नाही म्हणतेय."

देव संध्याकाळपर्यंत थांबले.